लेखनविद्या आणि उपजीविका

गेल्या महिन्यांत आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या कन्येस घेऊन आमच्या घरीं आले होते. मुलगी बी. ए. झालेली, मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांवर तिचा हात चांगला बसलेला. तिला पुढें एम. ए. करावयाचें होतें, परंतु तें वाङ्मयाचें नव्हे, 'व्यावसायिक लेखना'चें. इंग्लंडांतील एका विद्यापीठाचें माहितीपत्रक तिनें बरोबर आणलें होतें. वृत्तपत्र, जाहिरात, सरकारी व वैद्यकीय पत्रकें, यंत्रें वापरण्याच्या पुस्तिका, संपादन, भाषांतर आणि शेवटीं कादंबरीसुद्धां, असे सर्व प्रकार त्या अभ्यासक्रमांत एका छत्राखालीं आणले होते. वडिलांचा प्रश्न सरळ होता. "सर, लिहिणें शिकवून येतें काय? आणि आलें, तरी त्यावर घर चालतें काय?" या शिक्षणासाठीं राहतें घर गहाण टाकावें लागेल, हेंहि त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें. विचार करून कळवितों असें म्हणून आम्हीं त्यांस निरोप दिला. ते गेल्यावर मात्र आम्हांस स्वतःचीच लाज वाटली. तीस वर्षें भाषेच्या अध्यापनावर आमचें घर चाललें. आणि शब्दांवर घर चालतें काय, या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. प्रस्तुत लेख म्हणजे तें उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

लेखन शिकवितां येत नाहीं, लेखक जन्मावाच लागतो, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे कीं, तो आपल्या परंपरेचाच सिद्धान्त असावा असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त काव्याचें कारण सांगतांना शक्ति, निपुणता आणि अभ्यास हीं तीन एकत्र घेतलीं. आणि अभ्यास म्हणजे काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीनें केलेला अभ्यास, हें सांगावयास तो विसरला नाहीं. हीं तीन निरनिराळीं कारणें नसून तिहीं मिळून एकच कारण होतें, असाहि त्याचा आग्रह आहे. राजशेखराची 'काव्यमीमांसा' तर कवीनें दिवसाचे प्रहर कसे वांटावे येथपर्यंत जाते. क्षेमेंद्राचें 'कविकंठाभरण' हेंहि उमेदवार कवीसाठींच लिहिलेलें. प्रतिभेची पूजा करून अभ्यासाला हिणविण्याची आपली संवय पुष्कळ अलीकडची आहे, आणि ती आणण्यांत इंग्रजी रोमँटिक कवींचीं पुस्तकें उशाशीं घेऊन निजणाऱ्या आमच्यासारख्यांचा वाटा मोठा आहे. प्रा. ना. सी. फडके यांनीं १९३१ सालीं 'प्रतिभासाधन' लिहून कथालेखनाच्या तंत्राची उघड चर्चा केली. त्यांच्या तंत्रनिष्ठेवर पुढें पुष्कळ टीका झाली. ती टीका सर्वस्वी अन्यायाची होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गवयास 'रियाज कशाला?' असें कोणी विचारीत नाहीं, आणि लेखकास मात्र रियाज कबूल करण्याची लाज वाटते, हें आपल्या वाङ्मयव्यवहाराचें एक विचित्र लक्षण होय.

या रियाजाला पदव्युत्तर शिक्षणांत मानाचें स्थान मिळालें तें अमेरिकेंत. आयोवा विद्यापीठांत १९२२ सालीं, कार्ल सीशोर हे पदव्युत्तर विभागाचे डीन असतां, प्रबंधाच्या जागीं स्वतंत्र कलाकृति सादर करून उच्च पदवी मिळविण्याची वाट मोकळी झाली. १९३६ मध्यें विल्बर श्रॅम यांच्या नेतृत्वाखालीं तेथील 'रायटर्स वर्कशॉप' सुरू झालें. आणि १९४१ पासून जवळजवळ पंचवीस वर्षें पॉल एंगल या कवीनें तें चालवून नांवारूपास आणलें. पद्धति साधी आहे. विद्यार्थ्यानें कथा लिहावी, तिच्या प्रती सर्वांस आधीं वांटाव्या, आणि वर्गांत तिची चिकित्सा चालली असतां स्वतः लेखकानें मौन पाळावें. फ्लॅनरी ओ'कॉनर ही थोर कथालेखिका वृत्तपत्रविद्या शिकावयास म्हणून आयोवास गेली, तेथून या वर्गांत आली, आणि १९४७ सालीं पदवी घेऊन बाहेर पडली. पुढें १९६७ मध्यें एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनीं तेथेंच परदेशी लेखकांसाठीं निराळा उपक्रम काढला; आपले दिलीप चित्रे १९७५ सालीं आयोवास गेले ते याच उपक्रमाच्या निमित्तानें. इंग्लंडांत ही प्रथा उशिरां आली. ईस्ट अँग्लिया विद्यापीठांत अँगस विल्सन आणि माल्कम ब्रॅडबरी यांनीं १९७० मध्यें असा वर्ग काढला, तेव्हां कथा सादर करणारा विद्यार्थी एकच होता. त्याचें नांव इयन मॅक्युअन. त्याच वर्गांतून १९८० सालीं काझुओ इशिगुरो बाहेर पडले. त्यांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

ही नामावळि माहितीपत्रकांत शोभून दिसते. पुरावा म्हणून ती लंगडी आहे. ज्यांचीं नांवें पुढें कोणी ऐकलीं नाहींत अशा पदवीधरांची यादी कोणतेंहि विद्यापीठ छापीत नाहीं. शिवाय मॅक्युअन यांच्या वर्षीं रूढ अर्थानें वर्ग असा जवळजवळ नव्हताच. त्यांनीं कथा लिहाव्या आणि ब्रॅडबरींनीं त्या वाचाव्या, एवढाच काय तो क्रम. पण थोडा विचार केला म्हणजे दिसतें कीं, या संस्थांनीं विद्यार्थ्यास जें खरोखर दिलें तें हेंच होय : लिहावयास मोकळा वेळ, ठरल्या दिवशीं पानें हातावेगळीं करण्याचा धाक, आणि तीं पानें लक्ष देऊन वाचणारा एक जाणता माणूस. यांतील कोणतीहि गोष्ट प्रतिभा नव्हे; आणि तिन्ही गोष्टी घरीं बसल्या मिळणें फार कठीण आहे.

याबरोबरच या पद्धतीचा एक दोषहि सांगितला पाहिजे. मार्क मॅक्गर्ल यांनीं 'द प्रोग्राम एरा' (२००९) या ग्रंथांत, दुसऱ्या महायुद्धानंतरचें अमेरिकन कथावाङ्मय या वर्गांना वगळून समजतच नाहीं, असें साधार मांडलें आहे. हें यश आहे तसाच हा धोकाहि आहे. दहाबारा समवयस्कांच्या पसंतीस उतरेल तें लिहावें, त्यावर पदवी घ्यावी, त्या पदवीवर अध्यापकाची जागा मिळवावी आणि पुढच्या दहाबारांस तेंच शिकवावें, असें चक्र सुरू झालें म्हणजे बाहेरचा वाचक हळूहळू दृष्टीआड होतो. शब्दांवर पोट भरणारे लेखक तयार होण्याऐवजीं, शब्दांवर पोट कसें भरावें हें शिकविण्यावर पोट भरणारे लेखक तयार होतात.

आमच्या मतें व्यावसायिक लेखनाचा प्रश्न येथेंच कथालेखनाहून निराळा होतो. कादंबरी रुचली नाहीं तर वाचक ती मिटून ठेवितो. त्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु औषधाच्या बाटलीबरोबरची सूचना, विम्याचा करार, जमिनीसंबंधीची नोटीस, शिष्यवृत्तीच्या अर्जाचे नियम, यांच्या वाचकास तें वाचण्यावांचून गत्यंतर नसतें. आणि न समजलें तर नुकसान त्याचें होतें, लिहिणाऱ्याचें नव्हे. ही गोष्ट आम्ही ग्रंथांतून शिकलों नाहीं. ती आम्हांस आमच्या काकूंनीं शिकविली.

काकूंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हां घरीं सोडतांना त्यांस एक छापील मराठी सूचनापत्र मिळालें. त्यांत 'शस्त्रक्रियोत्तर कालावधींत विहित अंतरानें नेत्रबिंदूंचें उपयोजन करण्यांत यावें' अशा धर्तीचीं आठनऊ वाक्यें होतीं. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. पण श्रीधराचा 'हरिविजय' गेलीं साठ वर्षें वाचीत आल्या आहेत, आणि त्यांस कोठें अडत नाहीं. तें पत्रक त्यांनीं सुनेकडून दोनदां वाचवून घेतलें आणि मग आम्हांस म्हणाल्या, "अरे, तूं एवढा प्रोफेसर. मला थेंब कधीं घालायचे तेवढें सांग." आम्हांस तें सांगतां येईना. शेवटीं पत्रकाची मागील बाजू पाहिली. तेथें इंग्रजी मजकूर होता, आणि तो स्वच्छ होता : चार चार तासांनीं एक थेंब घाला, डोळा चोळूं नका, खालीं वांकूं नका. मराठी बाईला मराठी पत्रक समजावून देण्यासाठीं मराठी प्राध्यापकास इंग्रजीचा आधार घ्यावा लागला. तें पत्रक लिहिणाऱ्यास मराठी येत नव्हतें असें नाहीं. लिहितांना त्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी कागद होता, काकू नव्हत्या.

इंग्लंडांतहि ही व्याधि होतीच. तेथील अर्थखात्यानें सर अर्नेस्ट गॉवर्स या अनुभवी सनदी अधिकाऱ्यास सरकारी लेखनावर पुस्तक लिहावयास सांगितलें, आणि १९४८ सालीं त्यांचें 'प्लेन वर्ड्स' बाहेर पडलें. १९५४ मध्यें त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. सरकारी कारकुनांसाठीं लिहिलेलें हें लहानसें पुस्तक सामान्य लोकांनीं आवडीनें विकत घेतलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गॉवर्स यांनीं व्याकरणाचा धाक घातला नाहीं. वाचणाऱ्याच्या जागीं स्वतःस बसवून पाहा, एवढाच त्यांचा उपदेश. अमेरिकेनें तर २०१० सालीं सरकारी पत्रकें सुबोध भाषेंत लिहिण्याचा कायदाच केला.

कोणी म्हणेल कीं, हें सारें पाश्चात्त्यांचें झालें. आपल्याकडे ही विद्या होती कोठें? होती, आणि चांगली होती. चक्रधरांच्या लीळा गोळा करण्यासाठीं म्हाइंभट गांवोगांव हिंडले, ज्यानें जें पाहिलें तें शक्य तों त्याच्याच तोंडून ऐकलें, आणि नागदेवाचार्यांकडून तें पारखून घेतलें. तेराव्या शतकांतील 'लीळाचरित्र' हें मराठी गद्याचें आद्य लेणें असें सिद्ध झालें. ज्या रिद्धपुराशीं या ग्रंथाचें नातें, तेथेंच आज मराठी भाषा विद्यापीठ उभें राहिलें आहे, हा योग चांगला आहे. समर्थांनीं 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिला, आणि अक्षराचें वळण, ओळी, कोरी सोडावयाची जागा, शाई, कागद यांचा विचार करण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. पेशवाईंत नवा कारकून थोरल्या कारकुनाशेजारीं बसून, नकला करीत आणि खोडाखोड सोशीत पत्र लिहावयास शिके. गो. स. सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून निवडून छापलेलीं पत्रें कोणींहि उघडून पाहावीं. भाषा जुनी असली तरी कोण आला, केव्हां आला, किती पैका मागतो आणि आतां काय करावें, हें त्यांत शोधावें लागत नाहीं.

ही उमेदवारीची सांखळी तुटली ती आमच्या डोळ्यांदेखत नव्हे. परंतु ती पुन्हां जोडण्याचें काम आम्हीं केलें नाहीं, हा दोष आमचाच. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यापासून आमच्या विद्यापीठांनीं वाङ्मयाविषयीं बोलावयास शिकविलें. लिहावयास शिकविणें हें त्यांनीं आपलें काम मानलें नाहीं. 'कारकुनी' हा शब्द तर निंदाव्यंजक झाला. आम्ही स्वतः आजवर हजारों उत्तरपत्रिका तपासल्या. त्यांत वर्ड्स्वर्थच्या निसर्गदृष्टीवर गुण दिले. पण 'हें वाक्य कोणासाठीं लिहिलें आहेस?' असा एकहि प्रश्न समासांत लिहिल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

परिणाम समोर आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालींच भाषा संचालनालय निघालें, आणि १९६४ च्या अधिनियमानें मराठी ही राज्याची राजभाषा झाली. परिभाषा कोश तयार झाले, पदनामें ठरलीं. हें काम लहान नव्हतें, आणि त्याची थट्टा करणें सोपें असलें तरी न्याय्य नव्हे. परंतु कोश शब्द देतो, वाक्य देत नाहीं. इंग्रजी वाक्याच्या सांगाड्यावर मराठी शब्द चढविले गेले, आणि सरकारी मराठी जन्मास आली. नमुन्यादाखल आम्हीं रचलेलें हें एक वाक्य पाहावें : 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यांत येतें कीं, विहित मुदतींत परिपूर्ण प्रस्ताव प्राप्त न झाल्यास सदर प्रकरणीं पुढील कार्यवाही करण्यांत येणार नाहीं, याची नोंद घ्यावी.' यांतील एकहि शब्द अशुद्ध नाहीं. पण कोण कळवितो? कोणाला? मुदत कोणत्या दिवशीं संपते? परिपूर्ण म्हणजे कोणकोणते कागद? 'करण्यांत येणार नाहीं' या कर्मणि प्रयोगाच्या पडद्याआड करणारा माणूस नाहींसा झाला आहे, आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीहि. आतां हेंच पाहावें : 'तुमचा अर्ज, सोबत उत्पन्नाचा दाखला आणि सात-बारा जोडून, ३० जूनपर्यंत आमच्या कचेरींत पोंचवा. त्यानंतर आलेला अर्ज आम्ही घेणार नाहीं.' येथें मराठी सोपी झाली एवढेंच नव्हे. दुसरें वाक्य लिहिण्यासाठीं लेखकास तारीख ठरवावी लागली, कागद कोणते तें विचारावें लागलें, आणि 'आम्ही' म्हणण्याचें धैर्य दाखवावें लागलें. दुर्बोध लेखन हा बहुधा भाषेचा दोष नसतो. तें पुरा न केलेल्या विचाराचें, किंवा टाळलेल्या जबाबदारीचें चिन्ह असतें.

अलीकडे आमच्या विद्यापीठांतून 'व्यावहारिक मराठी' आणि 'प्रयोजनमूलक मराठी' या नांवांनीं हे विषय आले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि आमच्या पाहण्यांत आलेल्या बऱ्याच वर्गांत ते शिकविले जातात ते जुन्याच रीतीनें. बातमीचीं लक्षणें सांगा, चांगल्या जाहिरातीचे गुण लिहा, अनुवाद व भाषांतर यांतील भेद स्पष्ट करा. विद्यार्थी लक्षणें पाठ करितो, भेद स्पष्ट करितो आणि उत्तीर्ण होतो. बातमी तो लिहीतच नाहीं, किंवा लिहिलीच तर ती कोणी खोडीत नाहीं. हें म्हणजे पोहण्याचे प्रकार फळ्यावर काढून दाखविणें झालें. शंभर विद्यार्थी आणि एक अध्यापक असतां ओळ न् ओळ तपासणें शक्य नाहीं, ही अडचण खरी आहे. परंतु मग त्या पदवीस लेखनाची पदवी म्हणूं नये.

आतां उपजीविकेचा प्रश्न. मराठींत केवळ लेखणीवर जगलेले थोडे.  हरिभाऊ आपट्यांसारख्या थोर कादंबरीकाराचा चरितार्थ आनंदाश्रमाच्या व्यवस्थेवर चालला, कादंबऱ्यांवर नव्हे. व्यावसायिक लेखनाचें तसें नाहीं. बँका, रुग्णालयें, न्यायालयें, औषधांचे व संगणकांचे कारखाने, या सर्वांस नेमकें लिहिणारा माणूस लागतो. परंतु येथें एक नवी गोष्ट विसरून चालणार नाहीं. नोव्हेंबर २०२२ पासून, सांगतांच सफाईदार परिच्छेद लिहून देणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं आहेत. पूर्वीं नवशिका लेखक ज्या किरकोळ कामांवर हात बसवी, म्हणजे वस्तूंचीं वर्णनें, सारांश, सामान्य भाषांतरें, तींच कामें यंत्राकडे प्रथम जात आहेत. शिडीचीं खालचीं पावलें काढून घेतलीं तर माणूस वर चढणार कसा, ही चिंता खोटी नव्हे. यंत्र वरच्यासारखें सरकारी वाक्य क्षणांत लिहितें, आणि सांगितलें तर तें सोपेंहि करून देतें. पण ३० जून ही तारीख बरोबर आहे काय, याबद्दल तें जाब देत नाहीं. जाब देणाराच माणूस यापुढें लेखक म्हणून टिकेल, असें आम्हांस वाटतें. किती टिकतील, हें सांगण्याचा आव आम्ही आणीत नाहीं.

उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं त्या मुलीची एक लहानशी परीक्षा घेतली. काकूंचें तें पत्रक तिला दिलें आणि म्हटलें, "हें काकूंसाठीं मराठींत लिहून आण." दोन दिवसांनीं तिनें आणलें. मराठी सुरेख होती. आम्हीं दहांपैकीं नऊ गुण दिले असते. ती म्हणाली, "सर, आधीं काकूंना दाखवूं या." काकूंनीं तें स्वतः वाचलें, आणि विचारलें, "चार चार तासांनीं म्हणजे रात्रीं उठायचें कीं काय?" आम्ही दोघेहि गप्प झालों. ज्या इंग्रजी मजकुरास आम्ही स्वच्छ म्हणत होतों, त्यांतहि याचें उत्तर नव्हतें. मुलगी दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे गेली, विचारून आली, आणि तिनें नवें वाक्य लिहिलें : 'सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत चार चार तासांनीं एक थेंब घाला, रात्रीं उठूं नका.' तें पत्रक आतां काकूंच्या देव्हाऱ्याशेजारीं लावलेलें आहे.

त्या वडिलांस आम्हीं लिहिलें तें असें. लिहिणें शिकवून येतें. निदान तुमच्या मुलीस येईल, कारण वाचकाकडे परत जाण्याची बुद्धि तिला आहे. परंतु पदवीसाठीं घर गहाण टाकूं नका. ज्या संस्थेंत जावयाचें तिला तीन गोष्टी पत्रानें विचारा : आठवड्याला विद्यार्थ्याचीं किती पानें अध्यापक स्वतः तपासतात, तीं पानें खऱ्या वाचकापर्यंत जातात काय, आणि शिकविणाऱ्यांपैकीं कितीजण लेखनावर जगले आहेत. उत्तरें गोलमोल आलीं तर तेवढ्यावरूनच काय तें समजा. चांगलीं आलीं आणि शिष्यवृत्ति मिळाली, तर अवश्य पाठवा. न मिळाली तर एखाद्या कडक संपादकाच्या हाताखालीं दोन वर्षें थोड्या पगारावर उमेदवारी करूं द्या. जुन्या दप्तरांत लिहिणारे असेच तयार होत. आणि तोंवर दर शनिवारीं तिला आमच्याकडे पाठवा. तांबडी पेन्सिल आमच्याजवळ तीस वर्षें होती. ती आम्हीं चुकीच्या जागीं वापरली.

पत्र पुरें झाल्यावर आम्हीं तें वडिलांच्या जागीं बसून एकदां वाचून पाहिलें, आणि दोन वाक्यें खोडून मग टपालांत टाकलें.